पाच वर्षांत तीन पावसाळे

कर्नाटकातल्या चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगस्वामी ही डोंगररांग आहे. सोलिगा आदिवासींचं हे पिढीजात घर. १९९७ मध्ये इथल्या ५४० चौरस किलोमीटर अभयारण्यात अभ्यासकांनी १३४ छोटे भूखंड आखले आणि प्रत्येकात कोणतं झाड, कोणतं झुडूप आहे याची नोंद केली. अकरा वर्षांनी, २००८ मध्ये, बेंगळुरूच्या ‘एट्री’ या संस्थेत पीएच.डी. करणारा भरत सुंदरम त्याच जागा हुडकत पुन्हा जंगलात शिरला. त्याला एकच गोष्ट बघायची होती: घाणेरी किती पसरली?

घाणेरी म्हणजे लँटाना. कुठे तिला टणटणीही म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आलेली ही अमेरिकन पाहुणी आज देशभरच्या जंगलांत मुक्काम ठोकून आहे. १९९७ मध्ये ती बिळिगिरीच्या ४१ टक्के भूखंडांत सापडली होती. २००८ मध्ये ८१ टक्के भूखंडांत सापडली. अकरा वर्षांत जवळपास दुप्पट.

सुंदरम आणि त्याच्या मार्गदर्शक अंकिला हिरेमठ यांनी नुसती झुडपं मोजली नाहीत. सोलिगांच्या पाड्यांवर बसून जुन्या माणसांचं म्हणणंही ऐकलं. त्यांचं सांगणं असं की, पूर्वी दरवर्षी वाळल्या पाल्याला हलकी आग लावली जायची. ती झरझर पुढे जायची, मोठ्या झाडांना धक्का लागायचा नाही, पण घाणेरीची रोपं होरपळून जायची. अभयारण्य झालं, आगीवर बंदी आली आणि घाणेरीला रान मोकळं मिळालं. हे म्हणणं २०१२ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं आणि वनव्यवस्थापनातल्या वादात एक नवा मुद्दा आला.

आता या गोष्टीची पैशांच्या बाजूनेही मांडणी करून बघायला हरकत नाही. दोन मोजण्यांमध्ये अकरा वर्षांचं अंतर आहे. भारतातली संशोधनाची फेलोशिप पाच वर्षांत संपते. म्हणजे हा निष्कर्ष कोणत्याही एका विद्यार्थ्याच्या हाती लागणं शक्यच नव्हतं. आधीच्यांनी जपून ठेवलेली आकडेवारी होती, म्हणून पुढच्याचं काम उभं राहिलं.

फेलोशिपचा हिशेब

नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, मिळालेल्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. दोन वर्षांनी सीनिअर झाला की ४२,०००. त्याआधी हे आकडे ३१,००० आणि ३५,००० होते, आणि वाढीसाठी देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना निदर्शनं करावी लागली होती. केंद्रीय विद्यापीठांत नेटविना पीएच.डी. करणाऱ्याला मिळतात ते फक्त ८,०००. दुसऱ्या टोकाला पंतप्रधान संशोधन फेलोशिप आहे. तिथे सुरुवातच ७०,००० पासून होते आणि संशोधनखर्चाला वर्षाला दोन लाख वेगळे मिळतात. पण ती निवडक संस्थांपुरती आणि मोजक्या विद्यार्थ्यांसाठी.

हे झालं पोटापाण्याचं. प्रत्यक्ष संशोधनाला लागणारा पैसा वेगळा, त्याला ‘कंटिन्जन्सी’ म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, फेलोशिपमध्ये विज्ञान शाखेसाठी ही रक्कम पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० आणि पुढे २५,००० रुपये. प्रयोगशाळेत रसायनं आणि उपकरणं निदान विभागाची असतात. तणावर काम करणाऱ्याची प्रयोगशाळा मात्र गावाबाहेर, घाटात नाहीतर धरणाच्या काठावर असते. तिथवर जायला गाडी लागते, तण उपटायला माणसं लागतात, आणि तेच ठिकाण वर्षातून चार वेळा बघावं लागतं. महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने १२,००० रुपयांत वर्षभरात एका मजुराचे चाळीस दिवस भरतात. एसटीचं तिकीट, चहा, टॅगच्या पट्ट्या, कागदाच्या पिशव्या हे सगळं मग पदरचं.

पैशापेक्षाही अवघड हिशेब वेळेचा आहे. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि विषयाची मांडणी यांत जातं. अभयारण्यात काम करायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यात काही महिने जातात. शेवटचं वर्ष प्रबंध लिहिण्याचं. आपल्याकडची बहुतेक तणं पावसाबरोबर उगवतात आणि दिवाळीच्या आसपास बी टाकून मोकळी होतात. म्हणजे मोजणीचा हंगाम वर्षातून एकदाच. कागदावर पाच वर्षं दिसतात, हातात येतात ते तीन पावसाळे. त्यांतला एक कोरडा गेला, की दोन.

आणि या तीन पावसाळ्यांत समोर काय असतं? काँग्रेस गवताचं उदाहरण घेऊ. जून संपता संपता, जमिनीला वाफसा आला की पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट घेऊन विद्यार्थी माळावर जातो. चौकट जमिनीवर टेकवायची आणि आतली रोपं मोजायची. सुरुवातीला ती जमिनीला चिकटलेली, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली दिसतात, म्हणून त्याला गाजर गवत असंही नाव पडलं. हातात मोजे हवेत, कारण त्यातल्या पार्थेनिनसारख्या रसायनांनी अंगाला खाज आणि चट्टे येतात. मोजून झालं की सगळं उपटायचं. तीन आठवड्यांनी परत यावं, तर त्याच चौकटीत नवी रोपं हजर. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं आणि मातीत गाडलेल्या बिया काही वर्षं जिवंत राहतात. तण ‘गेलं’ की नुसतं ‘यंदा दिसत नाही’, हे सांगायला तीन पावसाळे फारच थोडे.

पुण्याचा उकिरडा आणि मेक्सिकोचा भुंगा

काँग्रेस गवताच्या भारतातल्या गोष्टीची सुरुवात पुण्यात होते, निदान शास्त्रीय कागदपत्रांत तरी. प्रा. परांजपे यांना १९५१ मध्ये पुण्यातल्या कचऱ्याच्या ढिगांवर या वनस्पतीची तुरळक झाडं दिसली. १९५६ मध्ये आर. शेषगिरी राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये भारतासाठी नवी वनस्पती म्हणून तिची नोंद छापली.

अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्य-मदत योजनेतल्या गव्हाबरोबर हे गवत आलं, असं घरोघरी सांगितलं जातं. तारखा मात्र जुळत नाहीत. पीएल-४८० हा कायदा १९५४ चा आणि त्याखाली भारताशी पहिला करार झाला १९५६ मध्ये. परांजपे यांनी झाडं पाहिली त्याच्या आधी. इतकंच काय, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी १८१४ मध्ये छापलेल्या कलकत्ता उद्यानाच्या यादीतही या वनस्पतीचं नाव आहे. परदेशी धान्यातून बी आलं नसेल असं नाही; पण फक्त त्याच वाटेने आलं, हे सिद्ध करायला कागदोपत्री आधार अपुरा आहे. नवी वनस्पती पहिल्यांदा दिसली की तिच्या मागावर कुणी राहिलं नाही, तर पुढे असे समज रूढ होतात.

पुढच्या वीस वर्षांत गवत माळावरून शेतात आलं आणि शेतातून दवाखान्यात. पुण्यातल्या त्वचारोगाच्या रुग्णांवरचा लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९७४ मध्ये लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जगाला या तणाचा उपद्रव कळण्यात त्या अभ्यासाचा मोठा वाटा होता.

उपाय निघायला आणखी दहा वर्षं लागली. बेंगळुरूजवळच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत के. पी. जयंत यांनी मेक्सिकोहून झायगोग्रॅमा बायकलरॅटा नावाचा भुंगा आणला. परदेशी कीटक थेट सोडता येत नाही. आधी बंदिस्त खोलीत त्याला एकेक पिकाची पानं देऊन तो काय खातो हे तपासावं लागतं. या चाचण्यांनंतर १९८४ मध्ये भुंगे मोकळे सोडले. भुंगा जेमतेम सहा मिलिमीटरचा, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या गवताची पानं खाऊन नुसत्या काड्या उरवतात. थंडीत मातीत दडून बसतो, तो पुढच्या पावसाला वर येतो. महाराष्ट्रातले शेतकरी त्याला मेक्सिकन भुंगा म्हणून ओळखतात.

सगळं सुरळीत चाललं असतानाच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सूर्यफुलाच्या पानांवर हे भुंगे दिसले. ओरड झाली, भुंगे सोडणं थांबलं, सरकारने समिती नेमली. तपासणीत उलगडा झाला तो असा: शेजारच्या काँग्रेस गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते आणि त्यांच्या ओढीने भुंगे ती पानं कुरतडत होते. भुंगा निर्दोष ठरला. आज जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह घेतं आणि हे भुंगे सोडण्याचा प्रचार करतं.

पुण्यातली पहिली नजर १९५१ ची, पहिला भुंगा सुटला १९८४ मध्ये. मध्ये तेहतीस वर्षं. पाच वर्षांच्या फेलोशिपच्या मापाने विद्यार्थ्यांच्या सहाहून अधिक पिढ्या.

जिथे पैसा थांबला नाही

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या महासरोवरांत लांब पल्ल्याच्या संशोधनाच्या याच प्रश्नाला वेगळं वळण मिळालं. तिथला उपद्रवी जीव म्हणजे सी लॅम्प्री. दिसायला वामसारखा लांबट, पण जबडा नाही. तोंडाच्या जागी दातांची गोल चकती. ती माशाच्या अंगाला चिकटवायची आणि रक्त शोषायचं. एक लॅम्प्री आपल्या आयुष्यात अठरा किलोपर्यंत मासे मारू शकतो. अटलांटिकमधला हा जीव नायगारा धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्यातून १९२१ मध्ये ईरी सरोवरात दिसला आणि १९३० च्या दशकाअखेर वरच्या सरोवरांत पोचला. त्याआधी लेक ट्राउटची वर्षाची पकड सुमारे दीड कोटी पौंड होती. १९६० च्या सुरुवातीला ती तीन लाख पौंडांवर आली.

या जिवाची दुखरी नस कुठे आहे ते मिशिगन विद्यापीठातल्या एका पीएच.डी. प्रबंधाने दाखवलं. व्हर्नन ॲपलगेट यांनी ओढ्यानद्यांच्या काठी राहून लॅम्प्रीचं जीवनचक्र उलगडलं. त्यांचं काम १९५० मध्ये सरकारी अहवाल म्हणून छापलं गेलं. सरोवरात धुमाकूळ घालणारा लॅम्प्री तिथे जेमतेम दीड वर्ष असतो. त्याआधीची कित्येक वर्षं त्याची अळी ओढ्याच्या गाळात निपचित पडून असते. म्हणजे अफाट सरोवरात त्याच्या मागे धावायचं कारण नाही, ओढ्यांत गाठायचं. मग ॲपलगेट आणि सहकाऱ्यांनी ह्युरन सरोवराकाठच्या हॅमंड बे केंद्रात सुमारे सहा हजार रसायनं एकेक करून तपासली. अळी मरेल पण बाकीच्या माशांना फारसं काही होणार नाही, असं टीएफएम नावाचं रसायन हाती लागलं आणि १९५८ पासून ते ओढ्यांत वापरायला सुरुवात झाली. लॅम्प्रीची संख्या बहुतेक सरोवरांत नव्वद टक्क्यांनी खाली आली.

सहा हजार बाटल्या तपासण्याचा धीर कुणाला परवडला? दोन्ही देशांनी १९५४ मध्ये करार करून ग्रेट लेक्स फिशरी कमिशन उभारलं होतं. लॅम्प्रीचं नियंत्रण आणि त्यावरचं संशोधन हे त्याचं नेमून दिलेलं काम. निधी दरवर्षी येणार हे माहीत असल्याने मार्गदर्शक विद्यार्थी घेऊ शकतात आणि विद्यार्थी लांब पल्ल्याचा प्रश्न हाती घेऊ शकतात. १९९० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात वेमिंग ली यांनी लॅम्प्रीच्या घ्राणशक्तीवर पीएच.डी. केली. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठात त्यांच्या गटाने नर लॅम्प्रीच्या गंधातलं मादीला खेचून आणणारं रसायन ओळखलं. २००२ मध्ये ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. या गंधावर मादीला सापळ्यात आणायची ही युक्ती पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे कीडनाशक म्हणून नोंदली गेली. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचं गंधरसायन अशा कामासाठी नोंदलं जाण्याची ती पहिलीच वेळ.

निधी आणि माणसं थांबली तर काय होतं, याचा प्रयोग २०२० मध्ये आपोआप झाला. कोविडच्या निर्बंधांमुळे ओढ्यांवर जाणारी पथकं घरी बसली. २०२० आणि २०२१ मध्ये ठरल्यापेक्षा पुष्कळ कमी ओढ्यांत रसायन सोडता आलं. गाळातल्या अळ्या मोठ्या होऊन सरोवरांत उतरल्या आणि पुढच्या वर्षांत लॅम्प्रीची संख्या चढली. सहा दशकांच्या यशाला ओहोटी लागायला दोन हंगाम पुरले.

नुकसान मोठं, खर्च छोटा

जैवविविधतेवरच्या ‘इपबेस’ या आंतरराष्ट्रीय मंचाने २०२३ मध्ये परक्या आक्रमक जातींचा जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. २०१९ साली या जातींमुळे जगाला ४२३ अब्ज डॉलरहून अधिक फटका बसला, असा त्यातला अंदाज. या रकमेतला ९२ टक्के भाग थेट नुकसानीचा, आणि नियंत्रणावर खर्च झाले ते फक्त ८ टक्के. व्यवस्थापनावर काहीच गुंतवणूक न करणारे देश ४५ टक्के.

भारताचा हिशेब आलोक बंग आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडला. १९६० ते २०२० या साठ वर्षांतलं नुकसान त्यांनी किमान १२७.३ अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे ८.३ लाख कोटी रुपये धरलं. आकडा मोठा आहेच, पण त्याच्या शेजारची माहिती जास्त बोलकी आहे. भारतात दोन हजारांहून अधिक परक्या जाती नोंदलेल्या आहेत. त्यांपैकी आर्थिक नुकसानीची माहिती मिळाली ती अवघ्या दहा जातींची. बाकीच्यांचा खर्च शून्य नाही. तो कुणी मोजलेलाच नाही.

मोजायला पैसा नसेल तर दुसऱ्याच्या गाडीतून प्रवास करावा लागतो. वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडियातल्या निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि वाय. व्ही. झाला यांनी २०२० मध्ये घाणेरीचा देशव्यापी नकाशा काढला. देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी चाळीस टक्क्यांहून जास्त भागात ती आहे, असं त्यातून दिसलं. ही माहिती आली कुठून? व्याघ्रगणनेच्या वेळी वनरक्षकांनी भरलेल्या तक्त्यांतून. वाघासाठी पैसा होता, म्हणून घाणेरीही मोजली गेली.

कमी पैशांतही उपयोगी पडणारं संशोधन होतं, याचाही पुरावा आहे. घाणेरी तोडली की ती बुंध्यातून पुन्हा फुटते, हा साऱ्यांचा अनुभव. दिल्ली विद्यापीठातल्या अमित लव्ह, सुरेश बाबू आणि सी. आर. बाबू यांनी ती नेमकी कुठून फुटते ते पाहिलं. खोड आणि मूळ जिथे एकमेकांना मिळतात, तेवढ्याच टप्प्यातून नवे फुटवे येतात. म्हणून त्यांनी सुचवलेली रीत अशी: लांब दांड्याच्या कुदळीने मातीखाली त्या सांध्याच्या जरा खाली मुख्य मुळावर घाव घालायचा, झुडूप उचलायचं आणि तिथेच उलटं, मुळं वर करून ठेवायचं. फुटवा मातीला लागत नाही, वाळून जातो. जमीन फार उकरली जात नाही, त्यामुळे घाणेरीचं निजलेलं बीही जागं होत नाही. मोकळ्या जागेत मग स्थानिक गवत लावायचं. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ही पद्धत छापून आली आणि कॉर्बेटच्या जंगलात वापरली गेली. हत्यार काय, तर कुदळ. खर्च सगळा माणसांच्या वेळेचा: आधी बघण्याचा आणि पुढची कित्येक वर्षं नवी रोपं उपटत राहण्याचा.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासाठी

जलपर्णी, रानमोडी, वेडी बाभूळ, उजनीतली चिलापी, सोयाबीनवर तुटून पडणारी शंखी गोगलगाय: महाराष्ट्रात विषयांना तोटा नाही. पैशाच्या वाटाही बंद नाहीत, पण त्या वेगवेगळ्या दारांतून जातात. वर्षातून दोनदा होणारी सीएसआयआर आणि यूजीसीची नेट हे पहिलं दार. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्याच्या संस्था पीएच.डी.ला फेलोशिप देतात; विषय विद्यार्थ्याने निवडायचा. क्षेत्रकामाच्या खर्चासाठी ब्रिटनमधलं रफर्ड फाउंडेशन निसर्गसंवर्धनाच्या छोट्या प्रकल्पांना अनुदान देतं, आणि एका टप्प्याचं काम नीट झालं की पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा अर्ज करता येतो. पक्षितज्ज्ञ रवी शंकरन यांच्या नावाची इनलॅक्स फेलोशिपही तरुण संवर्धन-अभ्यासकांसाठीच आहे.

मात्र ही सगळी दारं एकेका माणसासाठी उघडतात. तणाची जागा पंधरा-वीस वर्षं सलग राखायला पैसा देणारं दार यांत नाही. विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेला की खुणेचे खांब गुरं पाडतात, झाडांवरचे टॅग गळतात आणि पुढचा विद्यार्थी नवी जागा शोधून पहिल्या पानापासून सुरुवात करतो.

यातली निदान एक गोष्ट सुधारायला सरकारी आदेशाची वाट बघायला नको. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारावर चढतात, पण त्यामागच्या क्षेत्रवह्या, भूखंडांचे नकाशे आणि जीपीएसच्या नोंदी चढत नाहीत. एम.एस्सी.चे प्रकल्प तर बहुधा विभागाच्या कपाटातच राहतात. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या मार्गदर्शकांनी पुढच्या विद्यार्थ्याला विषय देण्याआधी ते कपाट उघडावं, वह्या स्कॅन करून ग्रंथालयात ठेवाव्यात आणि त्याला आधी त्या जुन्याच जागेवर पाठवावं. त्याच्या हातात तीनच पावसाळे आहेत. त्यांतला एक तरी यातून वाचेल.